सिस्टरना शिकवणाऱ्या मॅडम: उत्तम कोण, हे ठरवायचं कसं?

१२ मे आला की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून हातात दिवा घेतलेल्या बाईची चित्रं पडायला लागतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२०चा, म्हणून हा जागतिक परिचारिका दिन. अशाच एका १२ मेला मलाही शुभेच्छा आल्या, आणि पाठोपाठ तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा प्रश्न आला: "तुम्ही नर्सिंग कॉलेजात प्रोफेसर ना? इंजेक्शन द्यायला शिकवायला प्रोफेसर लागतो होय?" काकांच्या मनात काही खोट नव्हती. मी हात जोडल्याची इमोजी टाकून सुटका करून घेतली. हा लेख म्हणजे त्या दिवशी न दिलेलं उत्तर आहे. जरा लांबलंय.

मग केव्हातरी, कधी मे महिन्यातच तर कधी पुढे, राष्ट्रपतींच्या हस्ते राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार दिल्याच्या बातम्या येतात. केंद्र सरकारने हा पुरस्कार १९७३ मध्ये सुरू केला. २०२४ साली देशभरातून १५ जणांना तो मिळाला: पदक, प्रशस्तिपत्र आणि एक लाख रुपये. रुग्णालयात, गावपातळीवर, प्रशासनात आणि शिक्षणात काम करणाऱ्या परिचारिका त्याला पात्र असतात. आता वॉर्डात किंवा पाड्यावर काम केलेल्या सिस्टरचं मोठेपण चार ओळींत सांगता येतं. साथीच्या काळात किती महिने घर पाहिलं नाही, नदी ओलांडून किती बाळंतपणं केली. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. शिकवणारीचं काय सांगणार? "त्यांनी वीस वर्षं चांगलं शिकवलं." बरं, मग? चांगलं म्हणजे काय, आणि ते पाहिलं कुणी?

प्रश्न साधा वाटतो, पण जगभरातल्या विद्यापीठांना तो सुटता सुटलेला नाही.

आधी हे काम काय असतं ते बघू

बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. भारतात ती १९४६ साली दिल्लीत आणि वेल्लोरला सुरू झाली. त्याआधी रुग्णालयात राबता राबता जे शिकाल तेच शिक्षण. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय १९६४चं. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि डॉक्टरीच्या जोडीला नर्सिंगच्या पदव्याही त्याच्याकडे आल्या.

सरकारी कागदांत प्रत्येकीला छान नाव आहे. वॉर्डात काम करणारी ती अधिपरिचारिका, वॉर्ड सांभाळणारी इन्चार्ज सिस्टर म्हणजे परिसेविका, जिला सगळे मेट्रन म्हणतात ती अधिसेविका, आणि शिकवणारी ट्यूटर म्हणजे पाठ्यनिर्देशिका. पदवी कॉलेजात तिच्यावर असिस्टंट प्रोफेसरपासून प्राचार्यांपर्यंत पायऱ्या. विद्यार्थिनींच्या लेखी या सगळ्या 'मॅडम'. हल्ली वर्गात मुलगेही असतात आणि शिकवायला सरही. मी सवयीनं स्त्रीलिंगी लिहिते आहे, सरांनी समजून घ्यावं.

या मॅडमचं काम दोन ठिकाणी चालतं. एक वर्गात: फळा, प्रोजेक्टर, साठेक जणी, शरीररचना, औषधशास्त्र. हे इतर कुठल्याही कॉलेजासारखंच. दुसरं वॉर्डात, रुग्णाच्या खाटेशेजारी. याला आमच्यात 'क्लिनिकल' म्हणतात. बाकी सगळे अवघड शब्द मी टाळणार आहे, हा एवढा लक्षात ठेवा. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असावा लागतो. आता चित्र डोळ्यांसमोर आणा: दहा नवख्या मुली, दहा वेगवेगळ्या खाटा, आणि डोळे दोनच.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. मेडिसिनच्या वॉर्डात एका आजोबांना सलाइनच्या बाटलीतून पोटॅशियम क्लोराइड द्यायचं होतं. मी अँप्यूल फोडलं, सिरिंजमध्ये औषध ओढलं आणि वळले ती थेट आजोबांच्या हाताकडे. तिथे कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी होती, तिला औषध द्यायचं टोपण होतं, आणि सकाळपासून मी दोघातिघांना त्यांच्या त्यांच्या तशाच टोपणातून इंजेक्शनं दिली होती. हात आपोआप तिकडे गेला. मनगटावर एक बोट टेकलं. मॅडम होत्या. कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नव्हतं.

"लेबल वाच. मोठ्यानं."

मी वाचलं.

"हे कुठे जायचं?"

"बाटलीत."

"आणि थेट शिरेत गेलं तर?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. पातळ न करता पोटॅशियम शिरेत ढकललं तर हृदय थांबू शकतं, हे मी आदल्या आठवड्यात परीक्षेत लिहिलं होतं आणि मार्कही मिळवले होते. आजोबा आमच्याकडे टकमक बघत होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "काही नाही आजोबा, मुलीला पाठ म्हणायला लावलाय." मग सलाइन थांबवून बाटलीत औषध घातलं, ती उलटीसुलटी करून नीट मिसळली आणि पुन्हा सुरू केली. मला त्या ओरडल्या नाहीत, कुणाला सांगितलंही नाही. ड्यूटी संपताना आम्हा दहाजणींना गोळा करून एवढंच म्हणाल्या की लेबल तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, औषध ओढताना आणि रिकामं अँप्यूल टाकण्यापूर्वी.

आजोबा चार दिवसांनी घरी गेले. त्या दिवसाची कागदोपत्री नोंद काय? हजेरीपटावर आमची दहा नावं आणि खाली मॅडमची सही. बस्स. त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे एक गोष्ट घडू दिली नाही. न घडलेल्या गोष्टीला कुठल्याच रजिस्टरात रकाना नसतो.

पण ज्याला काम येतं त्याला शिकवता येणारच ना?

नाही येत. आईला विचारा, भाकरीच्या पिठात पाणी किती घालायचं? "हाताला कळतं गं," म्हणेल. तिचं खरंच आहे. पण तिच्या सुनेच्या हाताला ते अजून कळत नसतं आणि पहिल्या दहा भाकऱ्या फाटतात.

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली परिचारिकेच्या शिकण्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवशिकीपासून निष्णातापर्यंत. नवशिकी नियमाला धरून चालते: बी.पी. इतका, नाडी इतकी. निष्णात सिस्टर खाटेजवळून जाता जाता थबकते आणि म्हणते, "हे काका मला ठीक वाटत नाहीत." आकडे अजून बिघडलेले नसतात, पण तिला कळलेलं असतं. शिकवणारीचं कसब याच्या मध्ये आहे. स्वतःच्या हाताला जे कळतं ते उलगडून, पायरी पायरीनं, नवशिकीला दिसेल असं करायचं: काकांच्या ओठांचा रंग बघ, वाक्य पूर्ण बोलताना दम लागतोय का ऐक, सकाळपासून लघवी किती झाली ते तक्त्यात पाहा. काम येणं आणि ते उलगडता येणं ही दोन वेगळी कसबं आहेत. अतिशय हुशार सिस्टर शिकवायला उभी राहिली की "बाजूला हो, मीच करते" म्हणते, हे मी कितीदा पाहिलंय.

इतकं काय अडतं त्यावाचून?

अडतं, आणि रुग्णाचं अडतं. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. युरोपातले ९ देश, ३०० रुग्णालयं, शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून जास्त रुग्ण. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की रुग्णालयात दाखल झाल्यापासून महिनाभरात मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. आणि पदवीधर परिचारिकांचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तर ती शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी.

याचा अर्थ ताणायचा नाही. हा युरोपचा अभ्यास, त्यात दिसतो तो संबंध, आणि कुठल्या मॅडमनी शिकवल्यानं कोण वाचलं असा हिशोब त्यातून निघत नाही. पण परिचारिकेचं शिक्षण ही शोभेची गोष्ट नाही, एवढं त्यातून कळतं. काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आलं.

मग निकाल बघा की! ज्यांचा निकाल शंभर टक्के, त्या उत्तम

हे सगळ्यात आधी सुचतं. गाडी चालवायला शिकवणाऱ्या शाळेचं उदाहरण घ्या. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून परवाना मिळवून देण्यात पटाईत अशा शाळा गल्लोगल्ली आहेत. त्यांचा निकाल उत्तम. पण जुलैच्या पावसात, धुक्यात, समोरून एसटी येत असताना ताम्हिणी घाटात तोच चालक काय करतो, यावर त्याचं शिक्षण ठरतं. तेव्हा शिकवणारा शेजारी नसतो आणि निकालही लागत नाही.

शिवाय आतली गोष्ट सांगते. गुणांचा एक हिस्सा अंतर्गत असतो, म्हणजे तो आम्हीच देतो. ज्या कॉलेजात मुळात चांगल्या गुणांच्या मुली येतात, तिथल्या मॅडमचा निकाल आयताच चांगला लागतो. तालुक्याच्या ठिकाणी इंग्रजीतलं पुस्तक धड वाचता न येणाऱ्या मुलीला चार वर्षांत धडपणे उभं करणारीचा निकाल साठ टक्क्यांवर अडकतो. दोघींत जास्त शिकवलं कुणी?

हल्ली परीक्षा सुधारली आहे. विद्यार्थिनी एकामागून एक टेबलांवर जाते, प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या मिनिटांत एक काम करून दाखवते, परीक्षक हातातल्या यादीवर खुणा करत जातो. आम्ही त्याला 'ऑस्की' म्हणतो. जुन्या तोंडी परीक्षेत परीक्षकाचा मूड जसा असेल तसे गुण पडत, त्यापेक्षा हे कितीतरी बरं. तरी समोर असतो तो रबरी पुतळा. तो कण्हत नाही, त्याची मुलगी खाटेशेजारी रडत नाही.

विद्यार्थिनींना विचारा, त्यांना तर कळतं!

काही गोष्टी कळतात, सगळ्या नाही. इथे तीन अभ्यास सांगते, कारण ते मजेदार आहेत आणि डोळे उघडणारेही.

पहिला जर्मनीतला, २०१८चा. तिसऱ्या वर्षाच्या ११८ वैद्यकीय विद्यार्थ्यांचे गट केले. विषय तोच, शिकवणारे तेच. निम्म्या गटांच्या तासाला चॉकलेटची बिस्किटं ठेवली. शेवटी सगळ्यांकडून अभिप्राय घेतला. बिस्किटवाल्या गटांनी शिक्षकांना तर जास्त गुण दिलेच, अभ्याससाहित्यही त्यांना जास्त चांगलं वाटलं. आमच्या स्टाफरूममध्ये हे सांगितल्यावर एक सहकारी म्हणाल्या, "मग फीडबॅकच्या दिवशी वडापाव मागवू या."

दुसरा अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीतला, २०१०चा. तिथे कुठला विद्यार्थी कुणाच्या वर्गात जाईल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, अभ्यासक्रम आणि परीक्षा सगळ्यांना सारखी. त्यामुळे तुलना चोख होते. निघालं ते असं: कमी अनुभवी शिक्षकांच्या विद्यार्थ्यांना त्या विषयात गुण जास्त पडले आणि त्यांनी शिक्षकांचं कौतुकही जास्त केलं. पण त्याच विषयावर उभ्या असलेल्या पुढच्या विषयांत मात्र अनुभवी शिक्षकांचे विद्यार्थी पुढे गेले. म्हणजे ज्यांनी पाया खोल खणून घेतला, त्यांना त्या वेळी शिव्याच बसल्या असणार.

तिसरा हार्वर्ड विद्यापीठातला, २०१९चा. भौतिकशास्त्राच्या वर्गात काही विद्यार्थ्यांना सुबक व्याख्यान दिलं, काहींना गटात बसवून स्वतः गणितं सोडवायला लावली. स्वतः सोडवणारे प्रत्यक्षात जास्त शिकले, पण त्यांना वाटलं की आपण कमी शिकलो. घाम गाळावा लागला की शिकवणं वाईट वाटतं, ही माणसाची खोडच आहे.

म्हणून विद्यार्थिनींना विचारायचंच नाही का? विचारायचं, पण त्या ज्याच्या साक्षीदार आहेत तेवढंच. मॅडम वॉर्डात किती वाजता आल्या आणि किती वाजता सटकल्या, हे त्यांच्याइतकं अचूक कुणालाच माहीत नसतं. चूक झाली तर रुग्णासमोर पाणउतारा करतात का, हे त्यांना विचारावं. डेमो दाखवल्यानंतर प्रत्येकीकडून करवून घेतात की जर्नलवर नुसती सही करतात, हेही. "मॅडम विषयात तज्ज्ञ आहेत का, एक ते पाच" हा प्रश्न मात्र त्यांना विचारू नये. त्यांना ते ठरवता आलं असतं तर त्या विद्यार्थिनी नसत्या.

मग शोधनिबंध मोजा, आकडा तरी हाती लागतो

आकडा हाती लागतो म्हणूनच तर सगळे तो मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली नर्सिंगच्या शिक्षकाला काय काय यायला हवं याची आठ सूत्रं सांगितली. प्रौढ माणसं कशी शिकतात याची जाण, अभ्यासक्रम बांधणं, प्रत्यक्ष शुश्रूषेतलं कौशल्य, संशोधन, संवाद आणि सहकार्य, नीती आणि कायदा, मूल्यमापन, नेतृत्व. आठांत संशोधन एक. आपल्याकडच्या पुरस्कारांच्या अर्जांत मात्र ते निम्मा कागद खातं.

नर्सिंगमधल्या कुणालाही विचारा, 'अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिकवणी कार्यक्रमाची परिणामकारकता' या साच्याचे प्रबंध किती पाहिलेत. शिकवण्याआधी प्रश्नावली, तासभर शिकवणं, मग तीच प्रश्नावली. ज्ञान वाढलं! वाढणारच. विषय बदलायचा, गाव बदलायचं, पुढचा निबंध तयार. पैसे घेऊन छापणारी नियतकालिकं आहेतच.

संशोधन नको असं मी म्हणत नाही. सुईच्या टोचण्यानं होणाऱ्या जखमा आपल्या वॉर्डात का होतात, हे ज्या मॅडमनी वर्षभर नोंदवून तपासलं आणि त्यावरून शिकवणं बदललं, त्यांचा एक निबंध वरच्या वीस निबंधांना भारी आहे. पण मोजणाऱ्याला वीस हा आकडा एकापेक्षा मोठाच दिसतो.

जगात इतरत्र काय करतात?

ब्रिटनमध्ये २००० सालापासून राष्ट्रीय अध्यापन फेलोशिप आहे. सगळ्या विषयांच्या विद्यापीठ शिक्षकांसाठी आहे, त्यात नर्सिंगचेही येतात. विद्यापीठ मोजकीच नावं पाठवतं. उमेदवाराला तीन गोष्टी पुराव्यानिशी दाखवाव्या लागतात: स्वतःचं शिकवणं उत्तम आहे, आपल्यामुळे इतरांचं शिकवणं सुधारलं, आणि आपण अजून शिकतो आहोत. यातली मधली अट मला फार आवडते. अमेरिकेत नर्सिंगच्या शिक्षकांसाठी २००५ पासून वेगळी प्रमाणपत्र परीक्षा आहे, म्हणजे 'शिकवणं' हीच एक तज्ज्ञता मानली जाते. २००७ पासून तिथे नर्सिंग शिक्षणातल्या मान्यवरांची स्वतंत्र अकादमीही आहे.

यातलं मूळ तत्त्व आपल्याला नवं नाही. लग्नाला केटरर ठरवताना नुसतं त्याचं कार्ड बघून आपण आगाऊ रक्कम देत नाही. ज्यांच्याकडे त्याचं जेवण झालं त्यांना विचारतो. जेवणाऱ्याला चव कळते, यजमानाला हिशोब आणि वेळ पाळणं कळतं, आणि भटारखान्यात डोकावलेल्यालाच स्वच्छता कळते. तिघांचं जुळलं तर माणूस चांगला. नुसत्या पाहुण्यांवर विसंबलात तर बासुंदीवर फसाल.

या पद्धतीलाही खोट आहेच. पुरावे मांडायला लेखणी लागते आणि वेळ लागतो. जिला लिहिता छान येतं ती पुढे जाते. दिवसभर वॉर्डात उभी असलेली रात्री अर्ज भरायला बसेल कधी?

आपल्याकडे काय आहे?

शिक्षकांचे राष्ट्रीय पुरस्कार मुख्यतः शाळांसाठी होते. २०२३ साली त्यांत उच्च शिक्षणातले शिक्षकही आले. देशातल्या संस्थांची जी सरकारी क्रमवारी दर वर्षी लागते, तिच्यात वैद्यकीय, दंतवैद्यकीय, औषधनिर्माण असे वेगळे गट आहेत. नर्सिंगचा वेगळा गट नाही. बारावीनंतर नर्सिंगला जाणाऱ्या मुलीच्या आईबापांनी कॉलेज निवडायचं कशावरून? इमारतीवरून आणि होर्डिंगवरून. २०२३ सालीच संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला. भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७च्या कायद्याची जागा तो घेणार. दर्जाचं मोजमाप करण्याची जबाबदारी त्यात आहे. ती वॉर्डापर्यंत पोचते का, बघायचं.

कॉलेज पातळीवर काय होतं, ते मी सांगू शकते, कारण त्यात मीही सामील आहे. काही वर्षांपूर्वी मी उत्कृष्ट शिक्षिकेच्या पुरस्कारासाठीच्या एका निवड समितीवर होते. संस्थेचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. अर्जात रकाने होते: सेवेची वर्षं, शोधनिबंध, हजर राहिलेल्या कार्यशाळा, निकालाची टक्केवारी. वॉर्डाचा एकही रकाना नव्हता. चर्चा सात मिनिटं चालली. "त्या मॅडम येत्या मार्चला निवृत्त होताहेत," कुणीतरी म्हणालं, आणि विषय संपला. शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो. मॅडम चांगल्या होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चांगल्या नसत्या तरी पुरस्कार त्यांनाच मिळाला असता. त्या कागदावर माझी सही आहे.

पुरस्कारानं काय होणार? आधी जागा भरा, पगार द्या

या आक्षेपापुढे मी अर्धी मान तुकवते. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ नवी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, वर्षाला जवळपास १५,७०० जागा. आता दहाला एक हा नियम लावा. चारही वर्षं भरली की विद्यार्थी होतात ६२,८००, म्हणजे शिक्षक हवेत सहा हजारांवर. तेही फक्त या नव्या कॉलेजांना. हे लोक आकाशातून पडणार नाहीत. ते आज वॉर्डात काम करणाऱ्या आणि कंत्राटावर शिकवणाऱ्यांतूनच येणार. अकरा महिन्यांच्या करारावर असलेल्या ट्यूटरला "उत्कृष्ट" असं प्रमाणपत्र देऊन जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला बोलावणं, ही थट्टा आहे.

पण उरलेली अर्धी मान ताठ आहे, आणि तिचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे चांगल्या शिक्षिकेला आपण मान कसा देतो? बढती देऊन. बढती मिळाली की वॉर्ड सुटतो. वेळापत्रकं, तपासणीच्या फायली, परिषदेची भेट, विद्यापीठाची भेट, वसतिगृहातल्या तक्रारी. ज्या मॅडमनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं, त्या चार वर्षांनी उपप्राचार्य झाल्या. त्यानंतर त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलींना त्या फक्त सहीपुरत्या भेटल्या. पदं जितकी वरची, खाट तितकी लांब. नवशिक्या मुलींसोबत वॉर्डात उभी राहते ती सगळ्यात नवी, सगळ्यात कमी पगाराची ट्यूटर, कधी कधी दोन वर्षांपूर्वीच पास झालेली. सर्जरीत सगळ्यात नवख्याच्या हाती सुरी देऊन बाकी सगळे कार्यालयात बसले, असं कधी ऐकलंय?

म्हणून मान द्यायचाच तर शाल नको, वेळ द्या. उत्तम ठरलेल्या शिक्षिकेला वर्षभर फायलींतून सोडवा आणि वॉर्डात ठेवा, पगार उपप्राचार्यांचा. तिच्यासोबत दोन नव्या ट्यूटर लावा. ब्रिटिशांची ती मधली अट, इतरांचं शिकवणं सुधारणं, आपोआप पुरी होईल.

पण निवडणार कोण? पुन्हा वशिलाच ना!

वशिला पूर्ण जात नाही, त्याची वाट अवघड करता येते. एकाच्या शब्दावर ठरवायचं नाही, केटररसारखे तीन-चार साक्षीदार गाठायचे. दोन वर्षांपूर्वी पास होऊन कामाला लागलेल्या मुली या पहिल्या. परीक्षा झाली, राग निवळला, बिस्किटं पचली. "रात्रपाळीला एकटी असताना कुणाचा आवाज कानात येतो?" एवढा एक प्रश्न त्यांना विचारला तरी पुरे. दुसऱ्या कॉलेजातली अनुभवी शिक्षिका, जी न सांगता येऊन दोन सकाळी वॉर्डात उभी राहील. आणि स्वतः उमेदवार मॅडम: माझं शिकवणं कुठे फसलं आणि मग मी काय बदललं, हे त्यांनी एका पानात मराठीत लिहावं. पुरस्काराच्या अर्जात फसल्याचा रकाना मी आजवर पाहिलेला नाही.

सगळ्यात महत्त्वाची साक्षीदार मात्र इन्चार्ज सिस्टर. तिच्या वॉर्डात दर महिन्याला वेगवेगळ्या मॅडम मुली घेऊन येतात. कोण हजेरी घेऊन चहाला जातं आणि कोण ड्रेसिंग संपेपर्यंत थांबतं, हे तिला तोंडपाठ असतं. यावर आमच्यातूनच आक्षेप येईल, तो मला ऐकू येतोय: "कॉलेजचं आणि वॉर्डाचं कधी पटलंय?" खरंय. त्यांना वाटतं आम्ही पुस्तकी, आम्हाला वाटतं त्या मुलींना हमाली करायला लावतात. पण म्हणूनच तिचा शब्द मोलाचा. जिचं आपल्याशी फारसं सख्य नाही, तिनं "ही बाई थांबते" म्हटलं तर ते खरं असतं.

या वर्षी त्या समितीवर पुन्हा माझं नाव आलं. मी अर्जात एक रकाना वाढवून पाठवला: 'गेल्या महिन्यात विद्यार्थ्यांसोबत वॉर्डात किती सकाळी होतात? कुठल्या वॉर्डात?' प्राचार्यांचा लगेच फोन आला. रकाना ठीक आहे म्हणाले, पण पुरावा काय जोडायचा? मी म्हटलं, परिसेविकेची, म्हणजे इन्चार्ज सिस्टरची सही. "त्या देतील?" त्यांनी विचारलं. ते मलाही माहीत नव्हतं. सकाळी सातला पाळी बदलते, तेव्हा त्या भेटतात. उद्या जाऊन विचारणार आहे.